वीस मिनिटांची हवा : क्रोमचे नमुने तपासणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या कारखान्यांच्या हवेचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे चालक,
क्रोम प्लेटिंगचे कारखानदार,
आणि हे अहवाल फाईलला लावून घेणारे सर्व अधिकारी

सविनय नमस्कार.

माझा मोठा भाऊ बारा वर्षं वाळूजच्या एका शेडमध्ये क्रोमच्या टाकीवर कामाला होता. मी अकरा वर्षं शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत विश्लेषक होते. हवेचे नमुने तपासायचे, आकडा लिहायचा, अहवालावर सही करायची. त्याच्या कामाचा आणि माझ्या कामाचा काही संबंध आहे, हे गेल्या वर्षीपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आमचं गाव अंबड तालुक्यात. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीची बाग गेली. टँकर लावून दोन महिने झाडं धरून ठेवली, मग हात टेकले आणि वाळलेली झाडं सरपणाला तोडली. दादा रांजणगाव शेणपुंजीला खोली करून राहिला आणि प्लेटिंगला, म्हणजे पार्टवर क्रोमचा थर चढवायच्या कामाला लागला. मोटारसायकलचे पार्ट रॅकला अडकवायचे, टाकीत सोडायचे, वर काढायचे, धुवायचे. माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची फी त्याच्या पहिल्या पगारातून भरली.

गेल्या वर्षी त्याची सर्दी काही केल्या जाईना. नाकात खपल्या धरायच्या, शिंकरलं की रुमालाला रक्त लागायचं. "धुळीनं होतं गं, कामून घाबरती," म्हणायचा. एका रात्री मी त्याला खुर्चीवर बसवलं, मान मागे करायला लावली आणि मोबाईलचा टॉर्च उजव्या नाकपुडीशी धरला. उजेड डाव्या नाकपुडीतून बाहेर आला. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "क्रोमवर किती वर्षं?"

डॉक्टरांना ते लगेच कळलं, कारण ही इजा नवी नाही. क्रोमिक अ‍ॅसिडचे तुषार नाकात बसले की तिथली त्वचा आणि खालचा कुर्चेचा पडदा जळत जातो. हातावर गोल, खोल जखमा होतात, त्या महिनोन्महिने भरत नाहीत. क्रोममुळे होणारे असे व्रण कामगार सुरक्षेच्या कायद्यातल्या कळवण्याजोग्या, म्हणजे सरकारला कळवावेच लागतात अशा आजारांच्या यादीत आहेत. सहा संयुजेच्या क्रोमियमला, ज्याला आपण सगळे 'क्रोम सिक्स' म्हणतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे नक्की झालेले पदार्थ. इथे तो फुप्फुसाचा.

मी दादाच्या सुपरवायझरकडून हवेच्या तपासणीची फाईल पाहायला मागितली. त्या माणसाने ती दिली, याबद्दल मी त्याची आभारी आहे. फाईलमध्ये सहा वर्षांचे अहवाल होते आणि प्रत्येकावर एकच ओळ होती : "हेक्साव्हॅलंट क्रोमियम – बीडीएल. मर्यादा ०.०५ मि.ग्रॅ. प्रति घनमीटर. शेरा – मर्यादेत." त्यातल्या दोन अहवालांखाली सही माझी होती.

प्रयोगशाळेत नमुना कोड नंबरने येतो. कुणाच्या शेडमधला आहे हे टेबलावर बसणाऱ्याला कळत नाही, आणि कळू नये हेही बरोबरच आहे. पण त्या नमुन्यात किती हवा आहे हे मला कळत होतं. ते कळत असूनही मी सही केली. त्याची जबाबदारी माझी आहे, ती मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही.

बीडीएल म्हणजे शोधमर्यादेखाली. कारखानदार त्याचा अर्थ 'काही नाही' असा घेतात, अधिकारी 'ठीक आहे' असा घेतात, कामगाराला तर कुणी सांगतच नाही. खरा अर्थ एवढाच, की आम्ही ज्या पद्धतीने पाहिलं त्या पद्धतीला दिसलं नाही. दिसण्याइतकी हवा घेतली होती का, हा प्रश्न त्यापुढचा. म्हणून हिशेब मांडते. आमच्या जुन्या स्पेक्ट्रोवर, म्हणजे द्रावणाचा रंग किती गडद आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, हवा ज्यातून ओढतात त्या एका फिल्टरवरचं १ मायक्रोग्रॅम क्रोम सिक्स खात्रीने मोजता यायचं, त्याखाली नाही. नमुना घेणारा पंप मिनिटाला १ लिटर हवा ओढायचा आणि तो चालायचा २० मिनिटं. म्हणजे २० लिटर हवा, ०.०२ घनमीटर. आता १ ला ०.०२ ने भागा. ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. मिलिग्रॅममध्ये लिहिलं तर ०.०५.

तीच कायद्याची मर्यादा! हवा मर्यादेच्या नव्वद टक्के भरलेली असती तरी आमचा अहवाल बीडीएलच म्हणाला असता. आणि तो वीस मिनिटांचा तुकडा शांत वेळेतला असला, तर आठ तासांची सरासरी मर्यादेच्या दुप्पट असूनही अहवाल बीडीएलच निघाला असता.

तोच पंप मिनिटाला २ लिटरवर ठेवून पूर्ण आठ तासांची पाळी चालवला, तर ९६० लिटर हवा येते. तोच जुना स्पेक्ट्रो, तेच १ मायक्रोग्रॅम, पण आता शोधमर्यादा १ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आसपास उतरते. पन्नासपट खाली. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही. पंपाजवळ एक माणूस दिवसभर थांबवावा लागतो आणि त्याची हजेरी कोटेशनमध्ये धरावी लागते. हे आपण सगळे जाणतो. कोटेशन स्वस्त करण्यासाठी वेळ कापला गेला, ही या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे.

गेल्या वर्षी माझ्या प्रयोगशाळेत अहवालाचा नमुना बदलायचं ठरलं. आधी शोधमर्यादेचा आणि किती लिटर हवा घेतली त्याचा असे दोन रकाने असायचे. बारीक अक्षरात का होईना, असायचे. ते काढून टाकायचे ठरले. कारण विचारलं तर सांगितलं, की गिऱ्हाईक विचारतं हे आकडे कसले, उगीच शंका येतात. त्या नमुन्यावर सही करायला मी नकार दिला आणि दिवाळीनंतर काम सोडलं. मला वाटलं होतं हे एकाच ठिकाणी झालं असेल. नंतर ओळखीच्या कारखान्यांकडून इतरही अहवाल पाहायला मिळाले. त्यातल्या बहुतेकांवर ते रकाने नाहीत. म्हणून हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना.

आता माझ्या तक्रारी. वेळेची पहिली तक्रार वर आली. पुढची तक्रार पंप ठेवण्याच्या जागेची आहे.

टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड असतं, तापमान ४५ ते ५० अंश. त्यातून जी वीज सोडतो त्यातली जेमतेम दहा ते वीस टक्के पार्टवर क्रोम चढवायला लागते. बाकीची पाणी फोडते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे वर येतात, पृष्ठभागावर फुटतात आणि फुटताना क्रोमिक अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत फेकतात. टाकीच्या काठावर पिवळट-तांबडी पुटं धरतात, ती त्याचीच. रॅक वर काढायला वाकणाऱ्याचं तोंड बरोबर त्या तुषारांवर येतं. म्हणून नमुना श्वासाच्या पट्ट्यातला हवा, म्हणजे कॅसेट (फिल्टर बसवलेली छोटी डबी) कामगाराच्या कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर. दादा सांगतो, बारा वर्षांत त्याच्या कॉलरला कुणी काही लावलं नाही. पंप दाराजवळच्या स्टुलावर असायचा. तपासणीचा दिवस आधी माहीत असायचा, त्या दिवशी रॅक कमी आणि टाकीला वीज देणाऱ्या रेक्टिफायरचे अँपिअर खाली. दाराजवळच्या स्टुलाची हवा कुणीही श्वासात घेत नाही.

यापुढची तक्रार प्रयोगशाळांसाठी आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते, कारण ही चूक बाहेरून कुणाला दिसत नाही.

क्रोम सिक्स फिल्टरवर बसलं म्हणजे तिथेच टिकून राहतं असं नाही. आम्लात ते फार आक्रमक असतं. फिल्टरवरची धूळ, तेलाचा अंश, लोखंडाचे कण, जे सापडेल त्याच्याशी भिडतं आणि स्वतः तीन संयुजेचं होऊन बसतं. मग डीपीसी, म्हणजे क्रोम सिक्स असेल तरच रंग देणारं रसायन, घातल्यावर रंग येणार कुठून? अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याच्या 'आयडी-२१५' पद्धतीत याचा उपाय स्पष्ट लिहिला आहे. पीव्हीसी फिल्टरवर घेतलेला प्लेटिंगचा नमुना २४ तासांच्या आत सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या द्रावणात टाकायचा, आणि सहा दिवसांच्या आत तपासायचा. हे द्रावण अल्कधर्मी असल्याने त्यात क्रोम सिक्स टिकतं. दुसरा मार्ग म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड लावलेला क्वार्ट्झचा फिल्टर वापरायचा, म्हणजे नमुना घेतानाच तो सुरक्षित होतो.

आपल्याकडे काय होतं? कॅसेट पिशवीत, पिशवी मोटारसायकलच्या डिक्कीत, मे महिन्यात बेचाळीस अंशांत. शनिवारी घेतलेला नमुना सोमवारी प्रयोगशाळेत येतो, मंगळवारी नोंद होते, आणि टेबलावर यायला आठवडा जातो. काही नमुने तर कुरिअरने पुण्या-मुंबईला जातात. मी एकदा हे स्वतः करून पाहिलं होतं. दोन फिल्टरवर सारखंच क्रोमिक अ‍ॅसिड टाकलं, त्यावर शेडमधली चिमूटभर धूळ. एक त्याच दुपारी बफरमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या अल्कधर्मी द्रावणात घातला, दुसरा कॅसेटमध्ये बंद करून खिडकीजवळ आठवडाभर ठेवला. दोन्हीत डीपीसी घातलं तेव्हा पहिल्या क्युव्हेटमध्ये गर्द जांभळा-गुलाबी रंग चढला. दुसऱ्यातला रंग पांढरा कागद मागे धरल्याशिवाय दिसेना. मी तो निकाल वरिष्ठांना दाखवला. पुढे काही झालं नाही.

फिल्टरचंही तेच. सेल्युलोज इस्टरचे फिल्टर क्रोम सिक्सला खातात, म्हणून पीव्हीसीचे वापरायचे, आणि पीव्हीसीचेही काही लॉट खराब निघतात, म्हणून नवा लॉट आला की तो तपासून घ्यायचा. तुषार कॅसेटच्या आतल्या भिंतीलाही चिकटतात, ते धुऊन नमुन्यात धरायचे. कोरा फिल्टर सोबत नेऊन तोही तपासायचा. पंपाचा फ्लो कॅसेट जोडलेली असताना आधी आणि नंतर मोजायचा. यात नवीन काहीच नाही, आपल्या प्रत्येकाच्या कपाटातल्या कार्यपद्धतीच्या फाईलमध्ये हे लिहिलेलं आहे.

एका गोष्टीवर मात्र थांबते. काही अहवालांत क्रोम सिक्स मोजलेलंच नाही. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनच्या यंत्रावर सगळ्या संयुजांचं मिळून एकूण क्रोमियम काढून ते ०.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेशी ताडून 'मर्यादेत' लिहिलं आहे. ती मर्यादा क्रोमस क्षारांची आहे. क्रोमिक अ‍ॅसिड आणि क्रोमेटची मर्यादा तिच्या एक दशांश, ०.०५. प्लेटिंगच्या टाकीतून उडणारं क्रोम मुख्यतः सहा संयुजेचंच असतं, हे बी.एस्सी.चा विद्यार्थीही सांगेल. दहापट सैल मापाने मोजून शेरा लिहिणं ही नजरचूक मानायला माझं मन तयार नाही.

शेंद्रा-चिकलठाण्याकडच्या स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचीही एक गोष्ट सांगायला हवी. त्या धुरातलं आणि क्रोमेटच्या प्रायमरमधलं सगळं क्रोम सिक्स पाण्यात विरघळत नाही. फिल्टर नुसता पाण्यात हलवून तपासणाऱ्यांना अर्धवट आकडा मिळतो. तिथे गरम अल्कधर्मी द्रावणातच काढावं लागतं. शिवाय वेल्डिंगच्या नमुन्यात लोखंड भरपूर असतं, ते डीपीसीच्या रंगात ढवळाढवळ करतं. तिथे आधी आयन क्रोमॅटोग्राफवर क्रोम सिक्स वेगळं काढून मग ५४० नॅनोमीटरवर रंग मोजणं हाच भरवशाचा मार्ग.

आणि मर्यादेबद्दलही बोलू. आपली ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्याला जोडलेल्या अनुसूचीतून आली. अमेरिकेतही पूर्वी ती ५२ होती. २००६ मध्ये त्यांनी ती ५ वर आणली. त्यांच्याच संशोधन संस्थेने २०१३ मध्ये ०.२ ची शिफारस केली. आपली मर्यादा बदलणं प्रयोगशाळांच्या हातात नाही, मला मान्य आहे. पण खरा आकडा लिहिणं हातात आहे. उद्या मर्यादा खाली आली तर आजच्या बीडीएलच्या गठ्ठ्यातून कुठल्या शेडमध्ये किती होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

माझ्या मागण्या अशा :

प्रयोगशाळांनी प्रत्येक अहवालावर पद्धतीचं नाव, फिल्टरचा प्रकार, पंप किती मिनिटं चालला, आधीचा आणि नंतरचा फ्लो, एकूण लिटर, शोधमर्यादा मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये, नमुना कधी घेतला, बफरमध्ये कधी घातला आणि कधी तपासला, हे सगळं छापावं. शोधमर्यादा कायद्याच्या मर्यादेच्या एक दशांशापेक्षा जास्त असेल तर 'मर्यादेत' हा शेरा लिहू नये. प्लेटिंगचा नमुना २४ तासांत बफरमध्ये गेला नसेल तर तो नाकारावा आणि परत घ्यावा. ज्या प्रयोगशाळेच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या व्याप्तीत कामाच्या जागेच्या हवेतलं क्रोम सिक्स नाही, तिने ते गिऱ्हाइकाला आधी सांगावं.

कारखानदारांनी नमुना पूर्ण पाळीचा, कामगाराच्या कॉलरवरचा आणि नेहमीच्या लोडवरचा घ्यायला सांगावं. अहवाल मराठीत टाकीजवळच्या फळ्यावर लावावा. आपल्या आरोग्याची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला १९८७ पासून आहे, कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही आहे. माझ्या भावाला तो बारा वर्षांत कुणी सांगितला नाही. तुम्हाला जॉब वर्क देणाऱ्या मोठ्या कंपन्या व्हेंडर ऑडिटमध्ये क्रोमच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. त्यांनी हा अहवालही मागावा, आणि त्याचा खर्च दरात धरावा. छोट्या शेडवाल्याच्या एकट्याच्या खिशातून हे व्हावं असं माझं म्हणणं नाही.

अधिकाऱ्यांना विनंती, की हे आकडे नसलेला अहवाल फाईलला लावून घेऊ नका, परत पाठवा. गेल्या पाच वर्षांतले बीडीएलचे अहवाल काढून किती लिटर हवेवर ते दिले गेले ते विचारा. आणि त्या शेडमध्ये आज काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाक आणि हात डॉक्टरकडून तपासून घ्या. त्याला यंत्र लागत नाही, टॉर्च पुरतो.

कुणाला बदनाम करण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही, म्हणून कुठल्याही कारखान्याचं वा प्रयोगशाळेचं नाव घेतलेलं नाही. ज्या प्रयोगशाळेला ही पद्धत नीट बसवायची आहे तिथे मी माझ्या खर्चाने येईन, तुमच्या विश्लेषकांबरोबर आठवडाभर बसेन. बफर कसा करायचा, लॉट कसा तपासायचा, हिशेब कसा मांडायचा, सगळं दाखवेन.

दादाला गेल्या महिन्यापासून पॅकिंगला घेतलं आहे. त्याच्या टाकीवर आता वैजापूरकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा उभा राहतो. सकाळची पाळी सातला सुरू होते. ज्या दिवशी त्याच्या कॉलरला पंप लावायची परवानगी मिळेल, त्या दिवशी पावणेसातला मी गेटवर असेन, आणि तीन वाजेपर्यंत थांबेन.

आपली विश्वासू,
एक रसायन विश्लेषक
छत्रपती संभाजीनगर